मागच्या सीटवरचं जाकीट

टी-शर्ट मोहरीच्या रंगाचा होता. ग्रेडीनं तो घडी करून माझ्या पॅनकेकच्या ताटलीशेजारी इतका हलकेच ठेवला, की मला वाटलं रुमालच आहे, आणि मी त्याला तोंड पुसायच्या बेतात होतो. "अहो, उघडा तरी," तो म्हणाला. मी उघडला. पुढच्या बाजूला पाठमोऱ्या मुलाचं चित्र होतं. अंगात जाकीट नाही, हात बगलेत कोंबलेले, समोर लांबवर गेलेला रस्ता. वर कमानीसारखी अक्षरं : ओव्हरमायरचे सात मैल. ओव्हरमायर म्हणजे मीच. केंट ओव्हरमायर, वय वर्षं त्रेपन्न, सिनसिनाटीतल्या एका विमा कंपनीत दावे तपासणारा. लोक येऊन हकिकती सांगतात आणि त्यांत खोटं कुठून सुरू होतं ते मी शोधतो, हे माझं पोटापाण्याचं काम. मी टी-शर्ट उलटा केला. पाठीवर दोनच शब्द होते : आधी जेव. "सगळ्या हाऊसनं मिळून ठरवलं," ग्रेडी म्हणाला, "एकही मत विरोधात नाही. तुमचा साइज लार्ज ना?" मी हो म्हणालो. मला एक्स्ट्रा लार्ज लागतो. कुठे तरी नाही म्हणायचं होतं, आणि भलत्याच ठिकाणी हो म्हणून बसलो.

ग्रेडी केसलिंग हा माझा सध्याचा मुलगा. पोटचा नव्हे. कॉलेजात आमचा जो बंधुसंघ आहे, ज्याला आम्ही नुसतं हाऊस म्हणतो कारण मुलं एकाच मोठ्या घरात राहतात, तिथून बाहेर पडलेल्या जुन्या मंडळींनी आत असलेल्या एकेका मुलाला हाताशी धरायचं, महिन्यातून एकदा खाऊ घालायचं, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या, अशी पद्धत आठ वर्षांपूर्वी सुरू झाली. ग्रेडी माझा चौथा. तिसऱ्या वर्षाला आहे, मान जाड, मन हळवं, आणि हाऊसमध्ये येणाऱ्या नव्या मुलांची जबाबदारी यंदा त्याच्याकडे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला मी कॉलेजच्या गावातल्या या पॅनकेकच्या दुकानात शिरतो, तो उठून उभा राहतो, आणि आम्ही हात मिळवतो. आमच्यात हात मिळवताना करंगळी आत दुमडून समोरच्याच्या करंगळीत अडकवतात. बाहेरच्याला ते दिसत नाही. मला मात्र दर वेळी छातीत ऊब आल्यासारखं होतं. बायकोशी, साहेबाशी, पाद्र्याशी हात मिळवताना जे होत नाही ते या पोराशी मिळवताना होतं, आणि तेवढ्यासाठी मी चाळीस मैल गाडी हाकत येतो म्हटलं तरी चालेल. आजही ती करंगळी अडकली होती. त्याला अजून दहा मिनिटंही झाली नव्हती.

"शुक्रवारी आम्ही चाल परत सुरू करतोय," ग्रेडी म्हणाला. त्यानं आवाज उतरवला होता, पण डोळे चमकत होते. "शनिवारी तुम्ही जुने लोक सगळे येणार, मॅच, जेवण. तर आदल्या दिवशी. तुमच्या सन्मानार्थ." चाल म्हणजे जुनी रीत. हाऊसमध्ये प्रत्येक नव्या मुलाला एक थोरला नेमून देतात. धाकट्यानं थोरल्यासाठी वल्ह्याच्या आकाराची लाकडी फळी तासून, घासून, रंगवून द्यायची. थोरल्यानं धाकट्याला सांभाळायचं. आणि वर्षातून एकदा थोरल्यानंच धाकट्याला गाडीत घालून गावाबाहेर सात मैलांवर सोडायचं, आणि त्यानं चालत परत यायचं. वीसेक वर्षांपूर्वी कॉलेजनं ते बंद पाडलं. आता तर राज्याच्या कायद्यानं तो गुन्हा आहे. "सगळ्यांना नाही हो," ग्रेडी घाईनं म्हणाला, "एकालाच. हॉलिसला. माझा धाकटा. सप्टेंबरात तुम्ही हाऊसवर येऊन गोष्ट सांगितलीत ना, त्या दिवसापासून तो पाठीस लागलाय. त्यानं स्वतः हात वर केला. गाडी रीतीप्रमाणे मीच चालवणार."

मी काटा खाली ठेवला. मग मी ते सगळं म्हणालो जे माझ्या वयाच्या आणि पेशाच्या माणसानं म्हणायला हवं. हे बेकायदा आहे. काही झालं तर तुझ्यावर खटला होईल, हाऊसला कुलूप लागेल, त्या पोराचे आईवडील आहेत. ग्रेडी मान डोलवत ऐकत राहिला, सिरपची बाटली जागेवर ठेवली आणि मला डोळा मारला. "हो हो, तुम्हाला असंच म्हणावं लागणार. तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो."

"ग्रेडी, मी चेष्टा करत नाहीये."

"बरं, मग मला एक सांगा. तुम्ही आज जे आहात ते त्या सात मैलांमुळे, असं कोण म्हणालं होतं?"

मी म्हणालो होतो. शब्द न् शब्द माझे होते. हाऊसच्या जेवणघरात उभं राहून, खिशात एक हात घालून, शेवटी आवाज जरा खाली आणून. मार्गदर्शक झालो तेव्हा आम्हा जुन्यांना एक दिवसाचं शिक्षण दिलं होतं आणि एक पुस्तिकाही. तीत पहिल्याच पानावर होतं : स्वतःच्या आयुष्यातली, तुम्ही घाबरला होतात त्या दिवसाची गोष्ट सांगून सुरुवात करा, म्हणजे मुलं मोकळी होतील. माझ्याकडे तशी गोष्ट होती. नोव्हेंबर एक्क्याण्णव, रविवार, संध्याकाळचे पाच. माझा थोरला डेल रेटिग मला मक्याच्या कापलेल्या शेतांमध्ये एका वळणावर उतरवतो आणि धुरळा उडवत निघून जातो. माझं जाकीट त्याच्या गाडीत मागच्या सीटवर राहतं. इथे पोरं हसतात. पारा शून्याच्या खाली. अंधारात मी पाण्यानं भरलेल्या चरात पाय घालतो, बूट भिजतात. तिकडे डेल पिझ्झा खातोय, आणि तिसऱ्या तुकड्याला त्याला आठवतं की अरेच्चा, जाकीट. इथे जास्त हसतात. आठच्या सुमाराला मला एका शेतघराचा दिवा दिसतो. मी दार वाजवतो. दार उघडतं ती एक बाई, केसांत रोलर, हातात बंदूक. मला आपादमस्तक न्याहाळते आणि म्हणते, "चोर असशील तर आधी जेव, मग चोर." इथे पोरं टेबलं बडवतात. ती मला मक्याचं सूप पाजते, माझे पाय कोमट पाण्याच्या टपात घालते, आणि मी रडतो. इथे सगळे गप्प होतात. डाव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत, मी सांगतो, आणि थंडी पडली की ती मला विचारतात, तू पोचलास ना? या शेवटच्या वाक्यावर एकदा एका पोरानं डोळे पुसले होते. ते वाक्य मी गाडीत आरशात बघून तयार केलं होतं.

त्यातला एकही मैल मी चाललेलो नाही. चालला तो मार्विन टेश. गाडी चालवत होतो मी.

हे कसं झालं असं मला कुणी विचारलं, म्हणजे माझ्यासारख्याच एखाद्या दावे तपासणाऱ्यानं समोर बसवून विचारलं, तर मी त्याला तारखांसकट सांगू शकेन. सुरुवातीची दहा वर्षं मी काहीच बोललो नाही. मग कुठल्याशा पार्टीत म्हणालो, आमच्या हाऊसमधला एक मुलगा. मग माझा एक मित्र. मग एकदा, फार हशा पिकत होता तेव्हा, आम्ही. आणि मार्गदर्शक झालो त्या वर्षी मी. एका दमात कुणी इतकं खोटं बोलत नाही. पावलापावलानं जातो, आणि प्रत्येक पावलाला वाटतं की हे तर मागच्याच्या शेजारीच आहे. माझ्या टेबलावर येणारे लोकही असेच असतात. मी त्यांना पकडतो तेव्हा ते चकित होतात, आणि ते चकित होणं खरं असतं.

टेश बुटका होता, चष्मा, कपाळावर कायम घाम. कुणाला नकोच होता. मतं मोजताना काठावर आत आला आणि कुणी तरी थोरला व्हायला हवं म्हणून माझ्या गळ्यात पडला. तो माझ्याकडे भक्तिभावानं बघायचा, आणि मला त्याची लाज वाटायची. जेवणघरात तो माझ्यासाठी जागा धरून ठेवायचा, मी दुसरीकडे जाऊन बसायचो. तळघरात तो माझी फळी घासत बसायचा. हातानं, आठवडेच्या आठवडे. यंत्रानं घास की लेका, असं पोरं म्हणायची. तो म्हणायचा, हातानं घासली की कडा मऊ होतात. त्या रविवारी मी त्याला वळणावर उतरवलं तेव्हा तो हसत होता. "घरी भेटू, केंट," म्हणाला, जसं काही मी त्याला स्टेशनवर सोडायला आलोय. मी गाडी पुढे काढली आणि पाऊण मैलावर, झाडांच्या आड, थांबलो.

थांबलो, कारण डेल थांबला होता. आदल्या वर्षी माझी चाल होती तेव्हा डेलनं मला असंच सोडलं, आणि मी घाबरत घाबरत झाडांपाशी पोचतो तर डेल गाडीच्या बॉनेटवर बसलाय, थर्मासमधून कॉफी ओततोय. "बस आत," म्हणाला, "आणि हे कुणाला सांगायचं नाही. पुढच्या वर्षी तुझ्या धाकट्यासाठी तूही थांब." दोन तास आम्ही गाडीत बसून रेडिओवर बास्केटबॉल ऐकला, मग त्यानं मला हाऊसच्या मागच्या गल्लीत उतरवलं आणि मी लंगडत आत गेलो. सगळ्यांनी खांद्यावर घेतलं. माझे खरे सात मैल हे एवढेच. बहुधा त्या हाऊसमध्ये खरोखर चाललेला एकटा टेशच असेल. बाकी सगळ्यांचा थोरला झाडांआड कॉफी घेऊन बसलेला असेल आणि कुणी कुणाला सांगितलं नसेल.

मी अकरा मिनिटं थांबलो. गाडीच्या घड्याळात बघितलं होतं म्हणून पक्कं ठाऊक आहे. हीटर बिघडलेला होता, मला भूक लागली होती, आणि गावात काही मित्र पिझ्झा खायला जमले होते, ज्यांच्यासमोर मला टेशचा थोरला म्हणून बसायचं नव्हतं, केंट म्हणून बसायचं होतं. मी स्वतःला म्हणालो की त्याचं भलंच होईल. हे वाक्य मी तेव्हा खरंच म्हणालो; त्यानंतर ते दुसऱ्याच्या तोंडून जेव्हा जेव्हा ऐकतो तेव्हा मला त्या माणसाच्या तोंडात मारावंसं वाटतं. तिसऱ्या तुकड्याला मला जाकीट आठवलं. मी काचेतून बाहेर उभ्या माझ्या गाडीकडे बघितलं. मागच्या सीटवर ते निळं जाकीट बसल्यासारखं दिसत होतं, बाह्या मांडीवर ठेवून. मी चौथा तुकडा घेतला.

त्याच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. हाऊसच्या अध्यक्षानं बैठकीत हे एका वाक्यात सांगितलं आणि पुढचा विषय घेतला. कॉलेजनं चौकशी केली तेव्हा आम्ही सगळे म्हणालो की तो आपणहून फिरायला गेला होता, आणि टेशनंही इस्पितळातून तेच सांगितलं. मी त्याला बघायला गेलो नाही. रोज जाणार होतो, आणि रोज दुपारचे चार वाजले की भेटीची वेळ संपल्याचं मला बरं वाटायचं. डिसेंबरात तो वडिलांबरोबर सामान न्यायला आला. मी वरच्या मजल्यावर जिन्याच्या कठड्यामागे जमिनीवर बसून राहिलो, वीस वर्षांचा घोडा. खाली तो पोरांना गोष्ट सांगत होता. रोलर, बंदूक, आधी जेव मग चोर. छान सांगत होता. मला माहीतच नव्हतं की टेशला असं सांगता येतं. पोरं हसत होती, त्याला पहिल्यांदाच आपला मानून हसत होती, आणि वर बसून माझ्याही तोंडावर हसू आलं. मग त्यानं विचारलं, "केंट कुठाय?" कुणी तरी म्हणालं, लायब्ररीत. "त्याला सांगा, फळी झाली," तो म्हणाला. संध्याकाळी ती माझ्या दाराशी उभी करून ठेवलेली होती. आता ती माझ्या ऑफिसात भिंतीवर आहे. तिच्या कडा मऊ आहेत.

आणि मी ती गोष्ट घेतली. चाल त्याची, बाई त्याची, सूप त्याचं, आणि वर माझं जाकीट विसरणं आणि माझा पिझ्झा डेलच्या नावावर. सात वर्षांपूर्वी एका मेळाव्यात मी सांगत असताना डेल मागच्या टेबलावर येऊन बसला होता हे मला अर्ध्यात दिसलं. तेव्हा तो आजारी होता, हाडं वर आलेली. मी थांबू शकत होतो. थांबलो नाही, हशा पिकत होता. नंतर तो माझ्यापाशी आला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "छान सांगतोस, केंट. कॉफी घेणार?" आणि त्यानं स्वतः जाऊन दोन कप आणले. पुढच्या वसंतात तो गेला. त्याच्या बायकोनं अंत्यविधीला मला चार शब्द बोलायला सांगितलं, आणि मी काय बोललो ते मला आठवत नाही. इतकं आठवतं की लोक हसले होते.

सगळ्यात वाईट म्हणजे पाय. थंडी पडली की माझ्या डाव्या पायाची दोन बोटं खरोखर बधिर होतात. नॅडीन, माझी बायको, अंथरुणात ती तळहातात धरून चोळते. दर ख्रिसमसला लोकरी मोजे विणते, डाव्याच्या पुढच्या टोकाला दुहेरी लोकर. "त्या डेलला मी कधी माफ करणार नाही हं," ती मोजे देताना हमखास म्हणते, आणि मी म्हणतो, "जाऊ दे गं, पोरवयातल्या गोष्टी." मी उदारपणे डेलला माफ करतो. दर वर्षी.

"काय झालं? आवडला नाही का?" ग्रेडी विचारत होता. टी-शर्टाबद्दल. मी म्हणालो, छान आहे. मग तो म्हणाला की आज रविवारचं जेवण सगळ्यांचं एकत्र आहे, तुम्ही आलात तर पोरांना फार आनंद होईल, दोन शब्द बोला. आणि मी उठलो. सांगायचं ठरवून उठलो असं म्हणायला मला आवडलं असतं. ठरवलं काहीच नव्हतं. आता थेट कॉलेजच्या डीनला फोन करावा, हाही विचार मनात आला. त्यानं चाल बंद झाली असती, पोरं तुरुंगात गेली असती किंवा नसती, आणि माझे सात मैल मात्र माझेच राहिले असते. तो विचार मला किती आवडला, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

हाऊसच्या पायऱ्यांवर एक किडकिडीत मुलगा उभा होता, ऑक्टोबरच्या वाऱ्यात अर्ध्या बाहीचा मोहरी टी-शर्ट घालून, पायात काही नाही. "हा हॉलिस," ग्रेडी म्हणाला. मुलानं हात पुढे केला. त्याला अजून रीतसर सभासद करून घेतलेलं नव्हतं, त्यामुळे करंगळीचं त्याला ठाऊक नव्हतं. साधा, थंडगार हात. "सर, मी सराव करतोय," तो म्हणाला. "रोज सकाळी अनवाणी हाऊसभोवती तीन फेऱ्या. काल चार मारल्या."

"वेडा आहे नुसता," ग्रेडी कौतुकानं म्हणाला. "बूट घाल रे मेल्या, शुक्रवारपर्यंत तरी जगशील."

"पण सर, तुम्हाला भीती कधी गेली?" हॉलिसनं मला विचारलं. "म्हणजे कितव्या मैलाला?" त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. त्या थंडीत. मी म्हणालो, आत चल, बाळा, गारठशील.

जेवणघर तसंच आहे. भिंतीवर वर्षावर्षाच्या चौकटी, त्यांत टपाल तिकिटांएवढे चेहरे. एक्क्याण्णवच्या चौकटीत मी आहे, तिसऱ्या ओळीत, केस भरपूर. टेश नाही, कारण फोटोच्या आधीच तो गेला. चाळीसेक पोरं, भाजलेली कोंबडी, कुस्करलेले बटाटे, आणि मी दारात दिसताच चमचे टेबलावर आपटून गजर : आधी जेव! आधी जेव! कुणी तरी माझ्या हातात ताटली दिली. मी जेवलो नाही. उभा राहिलो. खिशात एक हात आपोआप गेला, तो मी बाहेर काढला, तर त्याचं काय करायचं ते कळेना. सगळे गप्प झाले, खुशीत, पिक्चर सुरू होण्याआधी होतात तसे. मी म्हणालो, "नोव्हेंबर एक्क्याण्णव, रविवार, संध्याकाळचे पाच." हे वाक्य दोन्ही गोष्टींचं पहिलं वाक्य आहे. यापुढे कुठली गोष्ट तोंडातून येणार हे मलाच ठाऊक नव्हतं.

"गाडी मी चालवत होतो," मी म्हणालो.

पोरं हसली. त्यांना वाटलं नवी गंमत आहे. मी म्हणालो, शेजारी माझा धाकटा होता, मार्विन टेश. त्याला मी वळणावर उतरवलं. त्याचं जाकीट मागच्या सीटवर राहिलं. हसली. मी अकरा मिनिटं थांबलो आणि पिझ्झा खायला गेलो. जास्त हसली. माझं मलाच ऐकू येत होतं की मी नेमक्या त्याच जागी थांबतोय, त्याच जागी आवाज चढवतोय. ती गोष्ट मला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं सांगताच येत नव्हती. तिसऱ्या तुकड्याला जाकीट आठवलं, मी म्हणालो, आणि मी चौथा घेतला. एका पोराच्या नाकातून दूध आलं. "हसू नका," मी म्हणालो, आणि तेही त्यांना गोष्टीतलंच वाटलं. बाईपर्यंत पोचलो तेव्हा अख्खं जेवणघर माझ्याबरोबर म्हणालं, "चोर असशील तर आधी जेव, मग चोर!" मी म्हणालो, "हे ती टेशला म्हणाली. मला कुणी काही म्हणालं नाही. मी तिथे नव्हतो. मी कधीच चाललो नाही. त्याची दोन बोटं कापली आणि तो कॉलेज सोडून गेला. आठ वर्षं मी तुम्हाला त्याची गोष्ट माझी म्हणून सांगतोय."

हसू कुठे कुठे विझलं, कुठे कुठे रेंगाळलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ग्रेडी दाराशी उभा होता, तोंड अर्धं उघडं, अजून शेवटची कलाटणी येईल म्हणून थांबलेला. मग टोकाच्या टेबलावरून हॉलिसनं शाळेत करतात तसा हात वर केला.

"कुठला पाय, सर?"

"काय?"

"त्या टेशचा. कुठल्या पायाची बोटं गेली?"

मी डावा म्हणणार होतो. डावा तोंडात आलाही होता. तो डावा पाय नॅडीननं हातात धरून चोळला होता, त्याच्यासाठी इतके मोजे विणले होते, तो आत्ता या क्षणी बुटात बधिर झाला होता. आणि मला समजलं की डावा मीच निवडला होता. जिन्याच्या कठड्यामागून पाय दिसत नव्हते. मी कधी बघितले नाहीत, कधी विचारलं नाही.

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो.

आता मात्र कुणी हसलं नाही. मी इतका वेळ जे काही बोललो होतो त्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता, आणि या एका वाक्यावर बसला. हॉलिस थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. तिरस्कारानं नव्हे, हिशेब न लागल्यासारखा. मग त्यानं खुर्चीच्या पाठीवर टाकलेलं आपलं जाकीट उचललं, अंगात घातलं आणि गळ्यापर्यंत चेन ओढली. जेवणघरात चांगलंच उकडत होतं. तसाच बसून तो बटाटे खायला लागला.

ग्रेडी मला गाडीपर्यंत सोडायला आला. पॅनकेकच्या दुकानापासून आम्ही त्याच्या गाडीतून आलो होतो, म्हणून त्यालाच परत सोडावं लागलं. माझ्या गाडीपाशी उतरल्यावर म्हणाला, "शुक्रवारचं रद्द. हॉलिसनं ताटावरच सांगितलं मला. तसाही मी आता कुणाला नेलं नसतं."

"बरं झालं," मी म्हणालो.

"तुम्ही ती दुसऱ्याची म्हणून सांगितली असतीत ना," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा फुटला, "तरी आम्ही ऐकली असती. आम्हाला आवडलीच असती. त्याचं नाव तरी कळलं असतं." मी मान हलवली. टी-शर्ट माझ्या काखेत होता. तो परत द्यावा की न्यावा, मला समजेना. मग त्यानंच हलकेच तो काढून घेतला. "याचा साइजही चुकला होता, नाही का?" तो म्हणाला. मी हो म्हणालो.

मग त्यानं हात पुढे केला. चांगल्या घरचा मुलगा आहे. मीही केला, आणि तेहतीस वर्षांच्या सवयीनं माझी करंगळी आत दुमडली. ती त्याच्या सपाट तळव्यावर तशीच अडकून राहिली. त्यानं बँकेतल्या माणसाशी मिळवावा तसा हात मिळवला, "सांभाळून जा, मिस्टर ओव्हरमायर," म्हणाला आणि गेला.